अर्धीच प्रदक्षिणा

परदेशात स्वतः गाडी चालवत फिरून आलेला आपल्याकडचा माणूस ते सांगताना आवाज जरा चढवतो. ‘आम्ही बसबिस नाही हं, सेल्फ ड्राइव्ह केलं.’ टूरच्या बसनं जाऊन आलेला तेच खालच्या आवाजात सांगतो आणि पुढे कारण जोडतो: आई बरोबर होती, गुडघे दुखतात, रजा कमी होती. मध्यमवर्गात ही एक नवी उतरंड तयार झाली आहे. वरच्या पंगतीला भाड्याची गाडी, खालच्या पंगतीला बस. मी दोन्ही पंगतींना जेवून आले आहे, तेही एकाच देशात, आणि ही उतरंड खोटी आहे अशी माझी खात्री झाली आहे.

देश आइसलँड. या वादासाठी तो सोयीचा, कारण तिथे तिसरा पर्याय जवळजवळ नाहीच. रेक्याविकचं बंदर बांधताना दगड वाहायला दोन वाफेची इंजिनं काही वर्षं धावली. प्रवासी रेल्वे त्या बेटावर कधी आलीच नाही. क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 3 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा तिसरा हिस्सा. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर शहराहूनही कमी. 2010 साली तिथे पाच लाखांच्या आत परदेशी पर्यटक आले होते. 2018 साली तेवीस लाखांच्या वर आले. हे सगळे मुख्यतः एकाच रस्त्यावर फिरतात. बेटाला वळसा घालणारा सुमारे 1,320 किलोमीटरचा राजमार्ग क्रमांक 1. तिथली माणसं त्याला ह्रिंगवेगुर म्हणतात. मराठी कानाला त्यात ‘वेग’ ऐकू येतो, पण मर्यादा ताशी 90 आहे आणि दंड जबर.

पहिल्यांदा मी गेले ती एका ग्रुपबरोबर, बसनं. दुसऱ्यांदा आम्ही चौघं: मी, नवरा, धाकटी नणंद आणि तिचे यजमान. गाडी भाड्याची, फोर व्हील ड्राइव्ह, आणि माझ्या लॅपटॉपमध्ये सात दिवसांचा तक्ता. तो तक्ता लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी रस्त्याबद्दल. वर्तुळ म्हटलं की ते पहिल्यापासून असणार असं आपल्याला वाटतं. हे वर्तुळ 1974 साली जुळलं. तोपर्यंत आग्नेय किनाऱ्यावर एक तुकडा सुटलेला होता, स्केइदारारसांदुर नावाचा काळ्या वाळूचा अफाट पट्टा. वर व्हाट्नायोकुलची प्रचंड हिमनदी, खाली समुद्र आणि मधे दर काही वर्षांनी पात्र बदलणारे प्रवाह. आग्नेयेकडच्या माणसाला मोटारीनं राजधानी गाठायची तर पूर्व आणि उत्तर किनारा धरून अख्ख्या बेटाला वळसा घालत यावं लागे. वाळवंटावर पूल बांधले गेले आणि 1974 च्या जुलैत रस्ता खुला झाला. देशाच्या वसाहतीला अकराशे वर्षं झाली म्हणून त्या वर्षी मोठा सोहळा होता, त्यात हेही.

पुढे 1996 च्या शरदात हिमनदीखाली ज्वालामुखी फुटला. वितळलेलं पाणी बर्फाखालच्या सरोवरात महिनाभर साचत राहिलं आणि 5 नोव्हेंबरला एकदम सुटलं. घराएवढे हिमखंड वाहत आले, एक पूल साफ गेला, दुसऱ्याचा तुकडा गेला. पुलाचे पिळवटलेले पोलादी गर्डर आज रस्त्याच्या कडेला स्मारक म्हणून ठेवलेत. ओल्या कपड्याला पीळ द्यावा तसं ते लोखंड दिसतं. 2011 च्या जुलैत, ऐन हंगामात, मूलाक्विस्ल नदीवरचा पूल असाच गेला आणि आठवडाभरात तात्पुरता पूल उभा राहिला. डांबर तर सगळ्या वर्तुळावर 2019 साली पोचलं. म्हणजे ज्या रस्त्यावरच्या ‘स्वातंत्र्या’विषयी आपण बोलतो आहोत, तो नद्यांच्या जमिनीवर भाडेकरू म्हणून राहतो.

अशा रस्त्यावर गाडी चालवणं हे काम आहे. मजा आहे हे कबूल, पण आधी काम आहे. आपल्या ड्रायव्हरला स्टिअरिंग डावीकडे, गियर उजव्या हाताला, आणि वळायचं म्हणून दांडी ओढली की काचेवरचे वायपर सुरू. तसे 1968 पर्यंत तेही आपल्यासारखे डावीकडूनच चालवत होते. 26 मे 1968 च्या सकाळी सगळा देश उजवीकडे सरकला, आणि त्यातला मोठा खर्च बसगाड्यांमध्ये बदल करण्यावर झाला. आम्हाला सरकायला दोन दिवस लागले.

मग तीन पाट्या पाठ कराव्या लागतात. ‘माल्बिक एंडार’, म्हणजे डांबर संपतं. ‘ब्लिंडहाइद’, म्हणजे पुढे चढ आहे आणि चढापलीकडून येणारं दिसणार नाही. आणि ‘एइनब्रेइद ब्रू’, म्हणजे पूल एकपदरी. पुलाच्या जवळ जो आधी येईल तो आधी जाईल, हा नियम. ऐकायला सोपा. पण पूल लांब असतो, समोरची गाडी जवळ आहे की दूर हे त्या सपाट वाळवंटात कळत नाही, आणि समोरचाही तुमच्यासारखाच कालच विमानातून उतरलेला असतो. 2018 च्या डिसेंबरात नूप्सव्होत्न नदीवरच्या अशाच एका अरुंद पुलावरून पर्यटक कुटुंबाची गाडी कठडा तोडून खाली कोसळली, तिघं गेले. आम्ही त्या बाजूला पोचलो तेव्हा गाडीत कुणी बोलत नव्हतं.

मेंढ्या हे वेगळं प्रकरण. उन्हाळाभर त्या मोकळ्या सोडलेल्या असतात. मेंढी रस्त्याच्या एका अंगाला आणि कोकरू दुसऱ्या अंगाला दिसलं की ब्रेकवर पाय हवाच, कारण गाडी जवळ आली की कोकरू आईकडेच धावणार. हे मला पहिल्या फेरीत बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं. दुसऱ्या फेरीत ते दोनदा कामी आलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुक्कामावर नणंद फोटो दाखवत होती. हिमनदीच्या जिभा एकामागून एक डोंगरातून रस्त्याकडे उतरताहेत, निळसर, भेगाळलेल्या. मी म्हटलं, हे कुठे होतं? ती म्हणाली, “वहिनी, तासभर तुझ्या डाव्या हाताला तेच तर होतं.” मी तो तास डांबराकडे बघत घालवला होता. पहिल्या फेरीत बसच्या खिडकीतून मी त्याच जिभा मोजल्या होत्या, माझ्या वहीत आकडाही लिहिलेला आहे. चालवणाऱ्याला रस्ता दिसतो, देश दिसत नाही. चौघांत दोघं चालवणारे असले की निम्मी सहल निम्म्या माणसांची बुडते, आणि हा हिशेब कुणी ‘बस की गाडी’च्या चर्चेत मांडत नाही.

‘वाटेल तिथे थांबता येतं’ हा गाडीवाल्यांचा हुकमाचा पत्ता. तो तिथे चालत नाही. या रस्त्याला बहुतेक ठिकाणी कडेची पट्टीच नाही. डांबर संपलं की उतार. रस्त्यात गाडी उभी करणं बेकायदा आहे आणि मागून 90 नं येणाऱ्याच्या दृष्टीनं जीवघेणं. रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर चाक घालणं हा तर गुन्हाच, कारण तिथलं शेवाळ चाकाखाली फाटलं की भरून यायला कित्येक दशकं लागतात. तेव्हा थांबायचं ते ठरवून दिलेल्या जागी. त्या जागा बसच्याही त्याच. आम्ही सात दिवसांत जिथे जिथे उतरलो, तिथे आमच्या आधी एक तरी बस उभी होती.

आता वारा. आइसलँडमध्ये वारा सेकंदाला किती मीटर असा मोजतात. वीस म्हटलं की ताशी 72 किलोमीटर झाले, आणि झोत त्याहून मोठे. विकजवळच्या काळ्या किनाऱ्यावर आम्ही गाडी लावली ती जागा दिसली तशी, वाऱ्याकडे पाठ करून. नणंदेच्या यजमानांनी मागचं दार उघडलं. पुढचं एका क्षणात झालं. वाऱ्यानं दार त्यांच्या हातातून हिसकलं आणि बिजागरीच्या पलीकडे दुमडलं. आवाज पत्र्याचा नव्हता, हाड मोडल्यासारखा होता. दार परत लागेना. आम्ही बॅगेच्या पट्ट्यानं ते आतून बांधलं, आणि त्या बाजूला कुणी न बसता, मागे दोघं एकमेकांना चिकटून, गावापर्यंत तीसच्या वेगानं गेलो. गाडी देणाऱ्या कंपनीकडून आम्ही होता नव्हता तो सगळा विमा घेतला होता. खडी उडाली तर, वाळू आणि राख उडून रंग खरवडला तर, काच तडकली तर. वाऱ्यानं दार गेलं तर नाही. कराराच्या मागच्या पानावर तसं छापलेलं होतं आणि सही माझी होती. भांडायला जागाच नव्हती. रक्कम सांगत नाही. परतीच्या चार तिकिटांतलं एक त्यात आलं असतं.

पहिल्या फेरीतला तोच किनारा मला आठवतो. असाच वारा होता. ड्रायव्हरनं मैदानात येऊन लगेच दार उघडलं नाही. अर्धा वळसा घेतला, बस तिरकी केली, दार आडोशाला येईल अशी उभी केली, मग माइकवर सांगितलं की टोप्या आत ठेवा, चष्मे धरा, आणि समुद्राकडे पाठ करू नका, इथली लाट सांगून येत नाही. त्या किनाऱ्यावर लाटेनं ओढून नेल्यानं माणसं दगावली आहेत. आमच्यातले एक गृहस्थ पुटपुटलेही, की किती वेळ लावतोय हा, वीस मिनिटांतली पाच इथेच गेली. त्या पाच मिनिटांची किंमत मला दुसऱ्या खेपेला रोख कळली. बसचं तिकीट काढताना आपण सीट विकत घेतो असं समजतो. खरं तर त्या माणसाची वीस हिवाळ्यांची वाऱ्याशी असलेली ओळख आपण दिवसभर वापरत असतो.

बसचे दोष मी लपवत नाही. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. त्यातली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत. धबधब्याकडे चाळीस माणसं एकदम चालत निघाली की धबधब्याचा आवाज ऐकू येण्याआधी ‘अगं स्वेटर घे’ ऐकू येतं. दुकानाशी थांबा हमखास मोठा. रेक्याविकहून योकुल्सारलोनच्या हिमखंडांच्या सरोवरापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत आणणाऱ्या सहली आहेत. जाताना पावणेचारशे किलोमीटर, येताना तितकेच, आणि सरोवरापाशी जेमतेम तास-सव्वा तास. हिमखंड बघताना लोक घड्याळ बघतात. हे वाईट आहे, आणि ज्याला हे नकोसं वाटतं त्याला मी नाकं मुरडणारा म्हणणार नाही.

पण मग गाडी घेऊन आपण काय करतो? इथे तो तक्ता काढू. पहिला दिवस: थिंगवेट्लिर, गेसिर, गुट्लफॉस. दुसरा: दोन धबधबे, काळा किनारा. तिसरा: सरोवर. चौथा: पूर्वेचे फ्योर्ड, ‘फक्त प्रवास’. पाचवा: उत्तर. असं करत सातव्या दिवशी संध्याकाळी वर्तुळ पूर्ण. ही यादी मी कुठल्याही टूर कंपनीच्या पत्रकाशेजारी ठेवली तर फरक एवढाच निघेल, की पत्रकात जेवणाची सोय आहे. म्हणजे आम्ही बसचाच कार्यक्रम स्वतःच्या पेट्रोलनं, स्वतःच्या जोखमीवर आणि ड्रायव्हरच्या ज्ञानाशिवाय पार पाडला. चौथ्या दिवशी, त्या ‘फक्त प्रवास’वाल्या दिवशी, पूर्वेच्या एका फ्योर्डच्या वळणावर पाणी इतकं निश्चल होतं की पलीकडचं शेत, त्याची लाल पत्र्याची छपरं आणि गवताचे पांढरे गुंडाळे सगळं उलटं दिसत होतं. थांबायची जागाही होती, नेमकी. नणंद म्हणाली, “वहिनी, इथे जरा बसू या का? अर्धा तास?” आणि मी म्हणाले, “पुढे थांबू.” पुढे पाऊस होता.

बसच्या ड्रायव्हरनं हे केलं असतं तर मी घरी येऊन दहा जणांना सांगितलं असतं.

भाड्याच्या गाडीनं जे स्वातंत्र्य मिळतं ते एकच: कार्यक्रम मोडण्याचं. ते आपण वापरत नाही, कारण आपल्याला वर्तुळ पुरं करायचं असतं. यात आपल्या रक्तातलं काहीतरी आहे असं मला वाटतं. अष्टविनायक म्हणजे आठही, बारा ज्योतिर्लिंगं म्हणजे बाराही, परिक्रमा म्हणजे जिथून निघालो तिथे परत. पूर्ण नाही झालं तर पुण्य नाही. देवळात हे ठीक आहे, कारण तिथे वर्तुळाच्या मधोमध देव असतो. आइसलँडमध्ये तसं बघू गेलं तर गंमतच आहे. बहुतेक पर्यटक रेक्याविकहून आधी दक्षिण किनारा धरतात, मग पूर्व, मग उत्तर. म्हणजे फेरी घड्याळाच्या उलट आणि मध्य कायम डाव्या हाताला. देवळात असं कुणी फिरलं तर पुजारी हटकतील.

आणि मध्यभागी काय आहे? निर्मनुष्य पठार. वस्ती सगळी किनाऱ्याला. आत राख, लाव्हा, हिमनद्या, रंगीत डोंगर. चंद्रावर जाण्याच्या तयारीसाठी अमेरिकी अंतराळवीरांना 1965 आणि 1967 साली इथल्याच आस्क्या भागात प्रशिक्षणाला आणलं होतं, यावरून कल्पना यावी. आत जाणारे रस्ते साधारण जूनच्या मध्यानंतर खुलतात आणि सप्टेंबरात मिटायला लागतात. त्यांच्या क्रमांकाआधी एफ अक्षर असतं, तिथे साधी मोटार न्यायला बंदी, आणि बऱ्याच ठिकाणी पूल नाहीत, नदीतूनच जायचं. नदीत गाडी बुडाली तर विमा सहसा हात वर करतो. थोर्समोर्क या दरीत जायचं तर बिनपुलाचे कितीतरी ओहोळ पार करावे लागतात, आणि तिथली क्रोसाउ नदी पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या अडकवण्यासाठीच प्रसिद्ध आहे.

तिथे नियमित जातं काय? बस. उंच चाकांच्या, खास बांधलेल्या बसगाड्या उन्हाळाभर प्रवासी घेऊन त्या नद्यांतून जातात. ड्रायव्हर काठावर थांबतो, पाण्याचा रंग आणि खळाळ बघतो, कालची जागा आज खोल झालीय का ते ठरवतो, आणि तिरका पाण्यात शिरतो. आपल्या गाडीच्या अभिमानात फिरणारा माणूस गाभाऱ्याबाहेरून प्रदक्षिणा घालून परत येतो, आणि ज्यांना आपण मेंढरं म्हणतो ते आत जाऊन येतात. मला हे कळलं तेव्हा दुसरी फेरीही संपली होती. त्या तक्त्यात आत जायला दिवस नव्हता.

खर्चाचा मुद्दा लोक काढतील, आणि तो खरा आहे. चौघांत गाडी स्वस्त पडते. तरुण मुलं तंबू टाकून, नूडल्स शिजवून फिरतात त्यांना टूरची बस परवडणारी नाही. त्यांच्याशी माझा वाद नाही. वाद आहे तो आमच्यासारख्यांशी, ज्यांना दोन्ही परवडतं आणि जे निव्वळ रुबाबासाठी गाडी घेतात. कारण या रुबाबाचं बिल आपण एकटे भरत नाही. त्या देशात वादळात अडकलेल्या, नदीत बसलेल्या, बंद रस्त्यावर अडथळा बाजूला सारून घुसलेल्या पर्यटकाला सोडवायला जातात ते स्वयंसेवक. दिवसा कुणी सुतार, कुणी शिक्षक. फोन आला की हातातलं काम टाकून निघायचं, पगार नाही. त्यांच्या पथकांच्या खर्चाचा मोठा भाग ते नाताळानंतर फटाके विकून उभा करतात. माहिती सगळी फुकट उपलब्ध असते. कुठला रस्ता खुला, कुठे वारा, रंगांनी दाखवलेला नकाशा. तरी ‘हॉटेलचे पैसे भरलेत’ म्हणून माणसं निघतात. आम्हीही एकदा, उत्तरेत, पिवळ्या रंगावर निघालो होतो. काही झालं नाही, यात आमची हुशारी काही नव्हती.

तेव्हा माझा निकाल. हिवाळ्यात, डिसेंबरच्या चार तासांच्या उजेडात, बर्फाच्या रस्त्यावर कधीच गाडी न चालवलेल्या माणसानं बसच घ्यावी, तिथे चर्चाच नको. उन्हाळ्यात सात दिवस हाताशी असतील तर वर्तुळाचा नाद सोडावा. दक्षिण किनाऱ्यानं हिमखंडांच्या सरोवरापर्यंत जावं आणि त्याच रस्त्यानं परत यावं. जाताना जे डाव्या हाताला होतं ते येताना उजव्या हाताला येतं, आणि चालवणारे बदलले की दोघांनाही दिसतं. मधला एक दिवस गाडी लावून ठेवावी आणि नदीतून जाणाऱ्या बसनं आत जाऊन यावं. दार उघडण्याआधी गाडीचं नाक वाऱ्याकडे करावं आणि दार दोन्ही हातांनी धरावं. आणि तक्ता करायचाच असेल तर त्यातला एक दिवस संपूर्ण कोरा ठेवावा, त्यापुढे ‘फक्त प्रवास’ असंही लिहू नये. तो कोरा ठेवणं जिवावर येत असेल तर सरळ बसचं तिकीट काढा, आणि खिडकीची सीट मागून घ्या. सरोवराकडे जाताना डावीकडची.